बाधेचे संपूर्ण निवारण

वेलांटीकाकांना फक्त एक पत्रा बदलायचा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यावरून लोकांचा समज असा आहे की त्यांच्या मनात पहिल्यापासून काहीतरी वेगळंच होतं. तसं काही नव्हतं. एक पत्रा, गच्चीवरच्या खोलीचा, पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्यातला. टाकी भरून वाहिली की तिथून पाणी ठिबकायचं, आणि ठिबकायचं नेमकं काकूंच्या शिवणयंत्राच्या बाजूला. काकूंना जाऊन चौदा महिने झाले होते. यंत्राला गंज चढू द्यायचा नाही, एवढं काकांनी ठरवलं होतं.

काका म्हणजे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतलेला माणूस निवृत्तीनंतर तेच काम फुकट करू लागला. जिन्यातल्या सूचना, लिफ्टमधली पाटी, डॉक्टरांची चिठ्ठी, काही म्हणून त्यांच्या पेन्सिलीतून सुटत नसे. एकदा शोकसभेच्या फलकावरचा ऱ्हस्व उकार त्यांनी शोकसभा चालू असतानाच दीर्घ केला होता. इमारतीतले लोक पाठीमागे त्यांना ‘वेलंटीकाका’ म्हणत. हे कानावर आलं तेव्हा काका रागावले नाहीत. ‘वेलंटी नव्हे, वेलांटी,’ एवढंच सांगून त्यांनी आपलं टोपणनाव शुद्ध करून घेतलं.

तर पत्रेवाला आला. खोलीत स्टुलावर चढला, वर टॉर्च मारला, बराच वेळ बघत राहिला आणि खाली उतरला. कशालाही हात लावला नव्हता, तरी त्याने दोन्ही हात पॅन्टला पुसले.

“काका, हा जुना सिमेंटचा पत्रा. खालचे तक्तेही त्यातलेच. मी याला हात लावत नाही.”

“का? जड आहे?”

“जड कसला! ॲस्बेस्टॉस आहे. माझ्या वडिलांनी जन्मभर हेच कापलं.”

“मग?”

“मग काही नाही. कापताना काहीच होत नाही. तीस वर्षांनी होतं.” त्याने छातीच्या मधोमध बोट टेकवलं. काकांनी चहा ठेवतो म्हटलं तरी तो थांबला नाही.

काकांनी खाली येऊन जाड पुस्तकं काढली. पहिला अर्धा तास तो शब्द ‘अ’वर चंद्र देऊन लिहायचा की ‘ए’वर, यात गेला. मग त्यांनी मजकूर वाचला आणि शुद्धलेखन बाजूला पडलं. या पदार्थाचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पत्रा धड असेल, त्याला कोणी छेडत नसेल, तर ते आतच झोपून असतात. पत्रा फुटला, कापला, घासला, नुसता खाली पडलेला चुरा केरसुणीने झाडला, तरी ते हवेत उठतात आणि श्वासाबरोबर आत जातात. आत गेलेले पुन्हा बाहेर येत नाहीत. वीस वर्षं, तीस वर्षं, कधी चाळीस. काकांनी मान वर केली आणि उगाचच आपल्या घराच्या छताकडे पाहिलं. गच्चीवरच्या त्या खोलीत ते गेली एकतीस वर्षं जात-येत होते, आणि डोक्यावरचं ते एवढ्या वर्षांत एकदाही काही बोललं नव्हतं.

आता शहाण्या माणसाने अशा वेळी तोंड मिटून एखाद्या जाणकाराला गाठावं. पण काका चौथ्या मजल्यावर राहत होते आणि खाली तीन मजले सल्लागार होते. तिसऱ्या मजल्यावरचे विमेवाले म्हणाले, वरून दोन हात रंग मारा, दिसेनासं होईल. काका म्हणाले, ते आत्ताच दिसत नाहीये, तोच तर घोळ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी सांगितलं की खोली चांगली खसाखसा झाडून घ्या, घरात धूळ आहे म्हणून कुणी एवढं कौतुक करत नाही. सोसायटीचे चेअरमन मात्र नुसता सल्ला देणाऱ्यांतले नव्हते. ते जातीने वर आले, हातात छत्री होती, आणि “अहो, पूर्वीचा माल आहे हा, दगड आहे दगड!” असं म्हणत त्यांनी छत्रीचं टोक छताच्या तक्त्यात हाणलं.

दगड फुटला. पोळपाटाएवढा तुकडा खाली आला आणि त्याच्यामागून राखाडी भुकटी, कुणी चाळणीतून गाळावी तशी, हळूहळू उतरत राहिली. खिडकीतून आलेल्या उन्हात ती दिसत होती. काकांना कळलं की जी दिसत नाही ती निराळीच. त्यांनी चेअरमनना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि दार लावून घेतलं. चेअरमन म्हणाले, “एवढं काय त्यात, मी झाडून देतो.” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं सूचनाफलकावरूनच सुरू झालं.

इथवर हा नुसता पत्र्याचा मामला होता. पण गच्चीवर संध्याकाळी इमारतीतली नऊ मुलं लपंडाव खेळत, आणि त्या खोलीची कडी ढिली होती, हे त्या नवांनाही माहीत होतं. लपायला तिच्यासारखी जागा नव्हती. काकूंच्या कापडांचे गठ्ठे, यंत्राखालची पोकळी, पडद्यामागचा कोपरा. आणि नवांची म्होरकी होती काकांची सहा वर्षांची नात. अंगाने बारीक, नजरेने टोकदार, म्हणून घरात सगळे तिला टाचणी म्हणत. काकांनी मनातल्या मनात साधा हिशेब घातला. सहा अधिक तीस. टाचणी छत्तीस वर्षांची होईल, तेव्हा आपण नसू. हा हिशेब त्यांना बसल्या जागी घाम फोडून गेला.

त्यांनी इमारत-सुरक्षा कार्यालयात अर्ज केला. ‘पत्रा बदलण्याबाबत.’ बारा दिवसांनी उत्तर आलं: ‘आपला पत्ता बदलण्याबाबतचा अर्ज मिळाला. नवीन पत्ता कळवावा.’ काकांनी लाल शाईने चूक दाखवून ते परत पाठवलं. त्यावर उत्तर आलं की नवीन पत्ता न कळवल्यामुळे आपण जुन्याच पत्त्यावर राहत आहात असं गृहीत धरण्यात येत आहे. शेवटी काका स्वतः जाऊन उभे राहिले. खिडकीमागचा कारकून म्हणाला, “आजोबा, एका अक्षराने काय फरक पडतो?” काकांचा आयुष्यात इतका अपमान कुणी केला नव्हता, आणि एरवी ते तासभर तरी बोलले असते. त्या दिवशी त्यांनी फक्त टाचणीचं वय सांगितलं. कारकुनाने मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासनीस बाई दारात हजर झाल्या.

बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. तोंडाला जाड मुखपट्टी बांधून त्या आत गेल्या, फुटल्या जागी पाणी फवारलं, ओल्या तुकड्याची एक लहानशी कपची पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. चार दिवसांनी निकाल आला. आहे. मग त्यांनी दोन माणसं पाठवली. नखशिखांत पांढरे पोशाख, डोक्यावर टोप्या, तोंडावर नळकांडी लावलेले मुखवटे. दुपारी सगळी इमारत वामकुक्षीत असताना ती दोघं न बोलता जिना चढून गेली. मावशी तेवढ्यात लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला वर निघाल्या होत्या. बरणी पहिल्या वळणावर सापडली, मावशी घरात सापडल्या.

त्या माणसांनी दाराच्या चौकटीवर जाड प्लॅस्टिक ताणून लावलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि ती निघून गेली. काढणारी टोळी तीन आठवड्यांनी येणार होती. तोवर, बाई म्हणाल्या, एकच पथ्य. कुणी आत जायचं नाही. त्यांनी एक छापील कागद दिला: ‘ॲस्बेस्टॉस आहे. आत जाऊ नका. झाडू नका. खरवडू नका.’

तो कागद दोन दिवस दारावर होता. दोन्ही दिवस संध्याकाळी मुलं त्या दाराशीच खेळत होती, आणि ‘खरवडू नका’ हे वाक्य कुणीतरी खिळ्याने खरवडलंही होतं. काकांच्या मते दोष कागदाचा होता. नका, नका, नका! ही काय भाषा झाली? तीत ना वजन, ना अदब. त्यांनी कार्डबोर्ड आणला, टाक काढला आणि सुवाच्य अक्षरात नवी सूचना लिहिली:

‘सदर खोली बाधित असून, बाधेचे संपूर्ण निवारण होईपर्यंत कोणीही आत प्रवेश करू नये. आतील वस्तूंस स्पर्श करू नये. स्पर्श केल्यास होणाऱ्या परिणामांची जाणीव अनेक वर्षांनंतर होते, याची नोंद घ्यावी.’

काकांनी चार पावलं मागे जाऊन वाचलं. एकही चूक नव्हती. आपण काय लिहून बसलो आहोत हे त्या शुद्ध माणसाच्या स्वप्नातही आलं नाही. सरकारी कागदात गाव बाधित असतं, पीक बाधित असतं. पण जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला बाधा एकच माहीत असते, आणि तिचं निवारण करायला पांढऱ्या पोशाखातले लोक भर दुपारी न बोलता येऊन गेले हे मावशींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

संध्याकाळी गच्चीवर एक मूल नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे वाळत घातलेले कपडे गेले. तिसऱ्या दिवशी दोऱ्याही गेल्या. चेअरमनांची वरची खुर्ची आणायला चेअरमन स्वतः गेले नाहीत, त्यांनी ती संस्थेला दान केल्याचं फलकावर जाहीर केलं. काकांना वाटलं, पाहा, शुद्ध भाषेची ताकद पाहा! हा आनंद त्यांना शनिवारपर्यंत पुरला. शनिवारी विमेवाल्यांनी त्यांना जिन्यात अडवलं आणि आवाज खाली करून विचारलं,

“काका, खरं सांगा. आत आहे ना?”

“आहे,” काका म्हणाले. “तपासलंय.”

“दिसतं?”

“छे. दिसत असतं तर प्रश्नच नव्हता.”

“कधीपासून आहे?”

“इमारत बांधली तेव्हापासून.”

विमेवाल्यांनी कठडा धरला. “आणि इतकी वर्षं काही केलं नाही त्याने?”

“त्याला छेडलं नाही तर ते काहीच करत नाही. चेअरमननी छत्री मारली, तेव्हा उठलं.”

“उठलं म्हणजे... काय करतं काय?”

“छातीत जाऊन बसतं. मग निघत नाही.”

विमेवाले दोन पायऱ्या उलटे उतरले. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाने जन्मभर भुताखेतांची टवाळी केली, त्याच्याच टाकाने इमारतीत भूत आणलं होतं! तोंड उघडून सांगायला हवं होतं, ‘अहो, धूळ आहे ती.’ काकांनी तोंड उघडलंही. पण गच्चीचं मोकळं दार त्यांना दिसत होतं, आणि त्या दारातून गेले पाच दिवस टाचणी गेली नव्हती. धूळ म्हटल्यावर लोकांनी झाडू काढला असता. भूत म्हटल्यावर कुणी उंबऱ्यापर्यंतही जात नव्हतं. काकांनी तोंड पुन्हा मिटलं. चूक दिसूनही न सुधारण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

रोज चार वाजता ते एकटे वर जाऊन चिकटपट्टी तपासत. गच्ची आता अंगावर येईल इतकी मोठी वाटे. खाली रस्त्यावर वाहनं, शाळेची घंटा, भांडणं, सगळं नेहमीचं. वर मात्र काहीच नाही. आणि एका दुपारी त्यांना दिसलं की दारावरचं प्लॅस्टिक हलतंय. ते आतून फुगलं, क्षणभर तसंच राहिलं आणि सावकाश परत चौकटीत खोल गेलं. मग पुन्हा फुगलं. काकांना कारण माहीत होतं. पत्र्याच्या फटीतून वारा आत शिरत होता, इतकंच. त्यांनी ते स्वतःला तीनदा सांगितलं. तरी ते प्लॅस्टिकच्या तालावर श्वास घेत उभे होते, आणि हे लक्षात आल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. ते तडक जिना उतरले. घरी सुनेने विचारलं, “बाबा, काय झालं?” तर म्हणाले, “काही नाही, वारा आहे वर.”

भूत मात्र दिवसेंदिवस वाढत होतं, कारण त्याला खायला घालणारे पुष्कळ होते. भूत आहे म्हटल्यावर ते कुणाचं हा प्रश्न आलाच, आणि खोली तर काकूंची. मावशी एका दुपारी जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या, “काकू गेल्या, पण जीव त्या खोलीत राहिला हो. नातीचा फ्रॉक अर्धा शिवून राहिला होता ना!” मावशींचा आवाज असा की त्यांनी कुजबूज केली तरी दोन मजले ऐकत. टाचणी तेव्हा एक मजला वर बसून पायमोजे काढत होती.

त्या दिवशी चार वाजता काका वर गेले तर दाराशी टाचणी. शाळेच्या कपड्यांत, पाठीवर दप्तर, दोन्ही तळवे प्लॅस्टिकवर टेकवलेले आणि कान लावलेला. खालच्या कोपऱ्यातली चिकटपट्टी वीतभर सुटून लोंबत होती. सगळी इमारत जिथे फिरकत नव्हती तिथे एकटी तीच आली होती, आणि तिला आणलं होतं काकांच्याच भुताने.

“श्श, आजोबा,” तिने ओठांवर बोट ठेवलं. “आजी श्वास घेतेय.”

प्लॅस्टिक तिच्या हातांखाली फुगलं.

काका पुढे कसे गेले ते त्यांना आठवत नाही. त्यांनी तिला उचललं ते सरळ चौथ्या मजल्यावर, न्हाणीघरात. सुनेने तिला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, कपडे ओले करून पिशवीत भरले. काकांनी बाईंना फोन लावला. बाई नेहमीसारख्या मोजकं बोलल्या. दार बंदच होतं ना? पट्टी वीतभरच ना? मग घाबरू नका, एवढ्याने बहुधा काही व्हायचं नाही. ओल्या फडक्याने पुसून पट्टी पुन्हा मारा, मी माणूस पाठवते. पण रोज रोज नको, आजोबा. ‘बहुधा’ या शब्दावर काका बराच वेळ अडून राहिले. त्या जागी दुसरा शब्द घालता आला असता तर त्यांनी काहीही दिलं असतं.

ओल्या केसांची टाचणी पलंगावर येऊन बसली. काकांनी तिला खरं सांगितलं. आत भूत नाही. बारीक धूळ आहे, ती छातीत गेली तर माणूस फार वर्षांनी आजारी पडतो. आजोबांनी एक अवघड शब्द लिहिला, तो लोकांना चुकीचा कळला, आणि आजोबा मुद्दाम गप्प बसले.

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात?”

“खोटं बोललो नाही. पण खरंही सांगितलं नाही.”

“तेच ते,” टाचणी म्हणाली. अडतीस वर्षांत काकांचा मजकूर इतका कमी शब्दांत कुणी दुरुस्त केला नव्हता. थोड्या वेळाने तिने विचारलं, “मग आत आजी नाही?”

“नाही.”

“तुम्ही बघितलंत?”

काकांनी पाहिलं नव्हतं. “उघडतील तेव्हा तूच बघ,” ते म्हणाले. “तोवर वर जायचं नाही. वचन?” तिने वचन दिलं, पण हात पुढे करण्याआधी जरा विचार केला.

संध्याकाळी काकांनी मान खाली घालून सगळ्या इमारतीला खालच्या ओट्यापाशी जमवलं आणि कबुली दिली. भूत नाही, बाधा नाही, ही ॲस्बेस्टॉसची धूळ आहे, शब्द माझा चुकला. शेवटचे तीन शब्द उच्चारताना त्यांना जे झालं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मावशी उठल्या, त्यांनी काकांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाल्या, “यांना आता एकटं वर पाठवू नकोस ग. त्याने धरलंय यांना. एरवी हा माणूस स्वतःची चूक कबूल करील का?” युक्तिवाद बिनतोड होता. चेअरमन त्या दिवसापासून काकांना पाहिलं की छत्री लपवू लागले.

शेवटी टोळी आली. पांढरे पोशाख, पाण्याचे फवारे, दारापुढे प्लॅस्टिकचा बोळ. आतली हवा ओढून गाळणारं यंत्र सुरू झालं आणि त्याची एकसुरी घरघर जिन्यातून खाली झिरपू लागली. तळमजल्यावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाज शिवणयंत्रासारखा होता. काकांनाही तो तसाच वाटला होता.

दुपारी बाई एक कागद घेऊन आल्या. लोखंडी आणि लाकडी वस्तू पुसून परत मिळतील. कापड मात्र नाही, धूळ त्यात मुरते. सगळे गठ्ठे जातील, इथे सही करा. काकांनी यादी वाचली. ‘पडदे. चादरी. कापडाचे गठ्ठे, सात. अर्धवट शिवलेला लहान फ्रॉक, एक.’

“हा एक,” काका म्हणाले, “धुऊन?”

“नाही, आजोबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी ते फार हळू म्हटलं. काकांनी यादी पुन्हा एकदा वाचली. त्यांनी टाचणीकडे पाहिलं आणि सही केली. थोड्या वेळाने ओल्या, दुहेरी बांधलेल्या पिशव्या एकामागून एक जिन्यातून उतरल्या. लोक भिंतीला चिकटून उभे राहिले, आणि कुणीतरी पायांतल्या चपला काढल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी, हवेची तपासणी होऊन वर नवं छत बसल्यावर, बाईंनी दार सताड उघडलं. “झालं. आता खुशाल जा, काही नाही आत.” सगळी इमारत गच्चीवर जमली होती, पण दाराजवळ कुणी येईना. विमेवाल्यांनी चेअरमनना पुढे केलं, चेअरमननी मावशींना. मावशी म्हणाल्या, काकांची खोली, आधी त्यांनी जावं. ते अगदी रास्त होतं. काका दोन पावलं पुढे गेले आणि उंबऱ्यापाशी थांबले. त्यांचा पाय उचलेना. लोक मागे कुजबुजले, पाहा, घाबरलेत.

टाचणीने त्यांचा हात सोडला आणि ती आत गेली. नव्या छताखाली, उघड्या भिंतींमध्ये, एका बाजूला पुसून ठेवलेल्या यंत्रापाशी उभी राहून तिने खोली नीट पाहून घेतली. यंत्राखाली वाकली. पडदा नव्हता, तरी तो असायचा त्या कोपऱ्यात जाऊन आली. मग मधोमध उभी राहून तिने हाक मारली, आणि रिकाम्या खोलीत ती जरा मोठीच ऐकू आली.

“आजोबा, या ना. खरंच कोणी नाहीये.”

काकांना नेमकी त्याचीच भीती वाटत होती. त्यांनी चष्मा पुसला आणि आत पाऊल टाकलं.